खोट्या माणसाचे खरे खिसे

ज्वान पुजोल हा मूळचा बार्सिलोनाचा. १९४१ साली तो लिस्बनमध्ये बसून जर्मनांना इंग्लंडच्या बातम्या पुरवत होता. इंग्लंड त्याने कधी पाहिलंही नव्हतं. हाताशी भांडवल काय, तर पर्यटकांसाठीची एक मार्गदर्शिका, ब्रिटिश आरमारावरचं एक पोर्तुगीज पुस्तक आणि रेल्वेचं वेळापत्रक. एका बातमीत त्याने ठोकून दिलं, की ग्लासगोत लिटरभर वाइनसाठी वाटेल ते करायला तयार असणारी माणसं आहेत. ग्लासगोचा गोदी कामगार बिअर नाहीतर व्हिस्की पिणारा, त्याला वाइनचं काय कौतुक? पण वाचणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यालाही ग्लासगो ठाऊक नव्हतं, म्हणून पुजोल तरला. पुढे ब्रिटिशांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं, ‘गार्बो’ हे टोपणनाव दिलं, आणि निव्वळ कल्पनेतून उभ्या केलेल्या २७ हस्तकांच्या जोरावर त्याने जर्मनांना शेवटपर्यंत झुलवलं.

कादंबरीकाराला ही सवलत मिळत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या काळचा वाचक रहस्यासाठी पुस्तक उघडायचा आणि एका बैठकीत संपवायचा. आजचा वाचक वाचता वाचता फोनवर तारीख पडताळून पाहतो. महायुद्धातली हेरकथा लिहायची तर अचूकपणाची सुरुवात पिस्तुलाच्या बनावटीपासून करावी असं बहुतेकांना वाटतं. मला विचाराल तर ती सर्वांत शेवटची गोष्ट. हेराचा जीव अडकलेला असे तो वेळ, उजेड, रेशनकार्ड, ओळखपत्र असल्या क्षुल्लक गोष्टींत, आणि कथेचाही तिथेच अडकतो. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश हेरांवर विपुल कागदपत्रं उपलब्ध आहेत, म्हणून उदाहरणं मुख्यतः तिथली घेतो.

आधी खातं ठरवा, मग नायक

‘ब्रिटिश गुप्तहेर’ एवढं म्हणून भागत नाही. युद्धकाळात लंडनमध्ये एकमेकांकडे संशयाने पाहणारी अनेक खाती होती. जुनी गुप्तचर सेवा, म्हणजे एमआय सिक्स, बातमी काढायची. तिला शांतता हवी असे. जुलै १९४० मध्ये स्थापन झालेली स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई, पूल उडवायची, कारखाने बंद पाडायची. एका गावात दोन्ही खात्यांची माणसं असली, तर एकाच्या स्फोटामुळे दुसऱ्याच्या दारात झडती यायची. हे वैर कादंबरीसाठी आयतं कथानक आहे.

एसओईचं कार्यालय बेकर स्ट्रीटवर होतं. फ्रान्ससाठी तिचे एकाहून अधिक विभाग होते: ‘एफ’ विभाग मॉरिस बकमास्टर चालवत, त्यांच्याबरोबर व्हेरा ॲटकिन्स; द गॉल यांच्या लोकांबरोबर काम करणारा ‘आरएफ’ विभाग निराळा. तुमची नायिका कुठल्या विभागाची, यावर तिचं प्रशिक्षण, तिचे मित्र आणि फ्रान्समध्ये तिच्यावर कोण विश्वास ठेवणार, हे सगळं ठरतं.

जर्मन बाजूलाही तोच घोळ. पॅरिसचा सामान्य माणूस सगळ्यांनाच ‘गेस्टापो’ म्हणायचा, तेव्हा पात्राच्या तोंडी तो शब्द खुशाल घाला. निवेदकाने मात्र तारतम्य ठेवावं. लष्कराची हेरसंस्था ॲबवेर वेगळी आणि नाझी पक्षाची एसडी वेगळी. अव्हेन्यू फॉशवरच्या ८४ क्रमांकाच्या इमारतीत बसायची ती एसडी. दोघींची चढाओढ इतकी, की एकीने पकडलेला माणूस दुसरीला कळू द्यायची नाही. १९४४ मध्ये ॲबवेर हिमलरच्या पंखाखाली गेली आणि हा खेळ आटोपला.

चांदणं पाहून बेत आखा

एसओईची माणसं फ्रान्समध्ये पोचायची ती पॅराशूटने, समुद्रमार्गे किंवा लायसँडर नावाच्या छोट्या विमानाने. लायसँडरमध्ये वैमानिक एकटा. मांडीवर नकाशा, खाली नदीचं वळण किंवा रेल्वेचे रूळ ओळखत जायचं. त्यामुळे चांदणं हवंच. ढोबळमानाने पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर उड्डाणं व्हायची, बाकीचा पंधरवडा सगळं ठप्प. कादंबरीत अमावास्येच्या रात्री लायसँडर उतरलं, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

नूर इनायत खानचं उदाहरण घ्या. ती १६ जून १९४३ च्या रात्री आँजेजवळच्या एका कुरणात उतरली. पौर्णिमा होती १८ तारखेला. म्हणजे आपल्याकडे ज्येष्ठाचा शुद्ध पक्ष संपत आला होता, वटपौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती. जुनं पंचांग हे हेरकथा लिहिणाऱ्याचं उत्तम साधन आहे आणि ते आपल्या घरांत बाकी कुणाहीपेक्षा सहज सापडतं.

पण जून म्हटलं की दुसरी अडचण. उत्तर फ्रान्समध्ये उन्हाळ्याच्या रात्री अगदी तोकड्या. अंधार पडल्यावर निघून उजाडायच्या आत परतायचं, म्हणजे विमान फार आत जाऊ शकत नाही. डिसेंबरात रात्र लांब, पण धुकं आणि चिखल. कुरणात चाक रुतलं तर शेतकऱ्याचे बैल बोलवावे लागत. खाली वाट पाहणाऱ्यांनी तीन टॉर्च उलट्या ‘एल’च्या आकारात लावायचे, वरून ठरलेलं अक्षर मोर्समध्ये लुकलुकलं की खालून उत्तर द्यायचं. माणसं उतरली, परतणारी चढली आणि विमान उडालं, हे सगळं चारेक मिनिटांत. निरोपाचा दीर्घ संवाद लिहायचा असेल, तर तो विमान येण्याआधी उरकून घ्या.

पेटीतला रेडिओ

नूरचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबख्श हे गायकवाडांच्या दरबारातले नामवंत गवई. नूर जन्मली मॉस्कोत, आई अमेरिकन, आणि वाढली पॅरिसजवळच्या सुरेनमध्ये. म्हणून तिचं फ्रेंच अस्सल होतं. व्याप्त फ्रान्समध्ये गेलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर.

ऑपरेटरचं काम नीट समजून घेतल्याशिवाय अशी कथा लिहूच नये. एसओईचा सर्वाधिक गाजलेला संच सुटकेसमध्ये बसायचा, पण वजन पंधरा किलोच्या घरात. एवढ्या जड पेटीने चालणाऱ्याचा खांदा कलतो, आणि पोलिसाला तो कलता खांदाच आधी दिसतो. संचाला सुमारे वीस मीटर लांबीची एरियलची तार लागे. ती कुठे टांगायची? नूरच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. ती इमारतीबाहेर तार लावत असताना एक जर्मन अधिकारी जवळ आला आणि त्यानेच ती बांधायला मदत केली. आपण काय बांधतो आहोत, हे त्याला कळलं नाही. लेखकाने हा प्रसंग स्वतः रचला असता तर संपादकाने ‘फारच योगायोग’ म्हणून कापला असता.

संदेश पाठवायचा तो लंडनशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर, पाच-पाच अक्षरांच्या गटांत. लहर ठरवणारा स्फटिक पेटीत वेगळा ठेवावा लागे. जर्मनांच्या शोधगाड्या दिशा पकडायच्या, मग एकेका भागाची वीज तोडून कुठे तोडल्यावर संदेश थांबतो ते पाहायच्या. म्हणून शहाणा ऑपरेटर बॅटरीवर काम करायचा आणि काही मिनिटांत आवरायचा. अशा ऑपरेटरचं आयुष्य सरासरी सहा आठवडे धरलं जाई. नूर जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पकडली गेली, तेव्हा तिने पाठवलेल्या संदेशांच्या नकला असलेली वही जर्मनांच्या हाती लागली. मग तिच्या नावाने जर्मनच लंडनशी बोलू लागले.

यावर उपाय म्हणून प्रत्येक ऑपरेटरला सुरक्षा-खूण दिलेली असायची. ठरावीक जागी मुद्दाम एक चूक करायची. ती चूक दिसली नाही की लंडनने समजावं, माणूस पकडला गेलाय. योजना चोख, पण ती वापरणारी माणसं गाफील. हॉलंडमध्ये ह्यूब लाउवर्स मार्च १९४२ मध्ये पकडला गेला. त्याने दबावाखाली संदेश पाठवताना खूण गाळली. लंडनने काणाडोळा केला आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ एकामागून एक हेर थेट जर्मनांच्या ओंजळीत टाकले, पन्नासच्या वर. फ्रान्समध्ये गिल्बर्ट नॉर्मनच्या संचावरून असाच खूण नसलेला संदेश गेला, तेव्हा लंडनहून उलट तंबी आली की दुसरी खूण विसरलात, पुढच्या वेळी नीट लक्ष द्या. अशी दुसरी खूण असते, हे समोर बसलेल्या जर्मनांना लंडननेच सांगून टाकलं!

हेरकथेत शत्रू हुशार आणि आपली माणसं शूर असा साचा असतो. प्रत्यक्षात कार्यालयातला कंटाळा, कामाचा ढीग आणि ‘असेल काहीतरी कारण’ ही वृत्ती यांनी जास्त बळी घेतले. लंडनच्या टेबलापलीकडचं एखादं पात्र तुमच्या कादंबरीत असू द्या.

एका परिच्छेदात सात चुका

आता एक नमुना पाहू. हा उतारा मीच रचला आहे, पण असे उतारे छापील पुस्तकांत सर्रास भेटतात.

‘जुलै १९४३. रात्रीचे साडेआठ वाजले होते, पॅरिसवर मिट्ट काळोख पसरला होता. कॅफेत सिमोनने दाट दुधाच्या कॉफीचा घोट घेतला आणि आपल्या तंबाखू कार्डावर आणलेली सिगारेट पेटवली. समोर बावीस वर्षांचा आंद्रे निवांत वर्तमानपत्र चाळत होता. “आपल्या लोकांनी एनिग्मा फोडलंय,” तो हळूच म्हणाला. बाहेर येऊन त्यांनी टॅक्सीला हात केला. कोपऱ्यावर काळ्या गणवेशातला गेस्टापो अधिकारी त्यांच्याकडेच पाहत होता.’

पहिली चूक आकाशातली. जर्मनांनी पॅरिसची घड्याळं बर्लिनला जुळवली होती, त्यात उन्हाळी वेळ. जुलैत दहाच्या सुमारास सूर्य मावळायचा. दुसरी चूक कपातली. दूध आधी मुलांसाठी राखलेलं, आणि कॉफी म्हणून मिळायचं ते बहुधा भाजलेल्या जवाचं नाहीतर चिकोरीचं पाणी. तंबाखूचं कार्ड फ्रान्समध्ये बायकांना मिळतच नसे, तेव्हा सिमोनच्या सिगारेटची हकिकत वेगळी असायला हवी: भावाची, काळ्या बाजाराची, किंवा एखाद्या जर्मनाने दिलेली. तिन्हींतून तीन वेगळ्या कथा निघतात.

आंद्रेचा निवांतपणा सर्वांत खटकणारा. फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने १९२० ते १९२२ मध्ये जन्मलेल्या तरुणांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीसाठी बोलावलं होतं. बावीस वर्षांचा पोरगा भर कॅफेत बसला असेल, तर खिशात सूट मिळाल्याचं पत्र हवं, तेही बहुधा बनावट. आणि दार उघडलं की त्याची मान वळायला हवी. जर्मनांचं संकेतयंत्र एनिग्मा फोडल्याचं गुपित तर फ्रान्समधल्या एसओईच्या हस्तकाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. जगाला ते कळलं १९७४ मध्ये. पेट्रोलअभावी मोटार टॅक्स्या जवळपास नाहीशा झालेल्या, त्याऐवजी सायकलने ओढलेल्या टॅक्स्या धावत. राहिला काळा गणवेश. तो सिनेमाचा. युद्धकाळात एसएसचे लोक बहुतेक करड्या गणवेशात, आणि गेस्टापोचा माणूस साध्या कपड्यांत. म्हणून तर तो भीतिदायक.

दुरुस्ती म्हणजे ही सगळी माहिती परिच्छेदात कोंबणं नव्हे. सिमोन कपाकडे न पाहता तो संपवते, आंद्रे दाराकडे तोंड करून बसलाय, बाहेर अजून ऊन आहे आणि त्यामुळे दोघंही अस्वस्थ आहेत. तीन वाक्यांत काम होतं.

मेजर मार्टिनचे खिसे

३० एप्रिल १९४३ रोजी स्पेनच्या वेल्वा बंदराजवळ समुद्रात एक मृतदेह सापडला: रॉयल मरीन्सचा मेजर विल्यम मार्टिन, कोटाच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेल्या बॅगेत गोपनीय पत्रं. पत्रांवरून वाटावं, की दोस्त राष्ट्रं ग्रीस आणि सार्डिनियावर उतरणार. जर्मनांनी ते खरं मानलं आणि १० जुलैला सैन्य उतरलं सिसिलीत. मेजर मार्टिन नावाचा कुणी नव्हताच. देह होता ग्लिंडूर मायकेल या वेल्समधल्या एका निराधार माणसाचा. हे नाव उजेडात यायला १९९६ उजाडलं.

ज्याला पात्र उभं करायला शिकायचंय त्याने या मोहिमेचा अभ्यास करावा. इवेन मॉन्टॅग्यू आणि चार्ल्स चमली या दोघांनी गोपनीय पत्रांवर जितकी मेहनत घेतली, तितकीच खिशांवर घेतली. मार्टिनच्या खिशात नाटकाच्या तिकिटांची अर्धुकं होती. खात्यात जास्तीचे पैसे उचलल्याबद्दल बँकेचं खरमरीत पत्र होतं, साखरपुड्याच्या अंगठीचं न चुकवलेलं बिल होतं, वडिलांचं कंटाळवाणं पत्र होतं आणि ‘पॅम’ची प्रेमपत्रं होती, वारंवार उघडून वाचल्यासारखी दिसावीत म्हणून चुरगळलेली. पॅमचा फोटो एमआय फाइव्हमधल्या एका कारकून मुलीचा. गणवेश नवाकोरा दिसू नये म्हणून चमली तो स्वतः अंगावर वागवत होता. सगळ्यात अडलं ते अंतर्वस्त्रांवर. कपड्यांवर रेशन होतं, स्वतःची कूपनं खर्चायला कुणी तयार होईना. शेवटी ऑक्सफर्डच्या एका दिवंगत प्राध्यापकाचे गरम कपडे मिळाले आणि प्रश्न सुटला.

या तपशिलांतून एक माणूस दिसतो: थोडा उधळ्या, प्रेमात पडलेला, बापाला जरा घाबरणारा. तो शूर आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. आणखी गंमत अशी, की अशा मृतदेहाची कल्पना १९३९ च्या एका आरमारी टिपणात आली होती, त्या टिपणामागे इयन फ्लेमिंगचा हात असावा असं मानतात, आणि टिपणातच म्हटलंय की ही युक्ती बॅसिल थॉमसनच्या एका रहस्यकथेतून उचलली. म्हणजे कादंबरीतून युद्धात आणि युद्धातून पुन्हा कादंबऱ्यांत असा तिचा प्रवास झाला.

एसओईमध्ये हेच काम उलट्या दिशेने चाले. निघण्यापूर्वी हेराचे खिसे तपासून लंडनच्या बसचं तिकीट, इंग्लिश काडेपेटी काढून घेतली जाई. कपडे फ्रेंच पद्धतीने शिवलेले. दातांतलं भरणसुद्धा फ्रेंच दंतवैद्याच्या धाटणीचं करून घेत.

पात्राला काय ठाऊक नव्हतं

तारखा चुकल्या तर दुरुस्त करता येतात. पात्राला भविष्य ठाऊक असल्याचा वास आला, की दुरुस्ती कठीण. १९४३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कित्येक हस्तकांची समजूत होती, की दोस्तांचं सैन्य त्याच वर्षी हिवाळ्यापूर्वी, शरदात उतरणार. त्या आशेपोटी जाळी घाईने वाढवली गेली, नको तितकी माणसं एकमेकांना ओळखू लागली. फ्रान्सिस सटिलचं ‘प्रॉस्पर’ जाळं असंच पसरलं आणि नूर उतरल्यावर आठवड्याभरात कोसळलं. सटिल २४ जूनला पकडला गेला. लेखकाला ठाऊक असतं की सैन्य ६ जून १९४४ ला उतरलं. त्या ज्ञानाची सावली पात्रांवर पडली, तर त्यांची घाई मूर्खपणा वाटते. ती मूर्खपणा नव्हती.

तसंच आरी देरिकूरचं. नूरचं विमान ज्या कुरणात उतरलं त्याची व्यवस्था याच माणसाने पाहिली होती आणि त्याचे एसडीशी संबंध होते. १९४८ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तो फितूर होता, लंडनच्याच एखाद्या खात्याचा माणूस होता, की फक्त स्वतःचा, यावर इतिहासकार अजून भांडतात. कादंबरीकाराने एक बाजू घेतली तर हरकत नाही, पण शेवटी जोडलेल्या टिपणात तसं सांगावं.

शस्त्रांबद्दल थोडक्यात

स्टेन गन स्वस्त होती आणि अडकायची. प्लॅस्टिक स्फोटकाला उग्र वास यायचा. वायरलेस ऑपरेटरने पिस्तूल बाळगणं म्हणजे झडतीत स्वतःहून कबुली देणं. एवढं पुरे.

कागदपत्रंही चुकतात

एसओईच्या हस्तकांच्या वैयक्तिक फायली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचायला मिळतात. मात्र संस्था बंद झाली त्याच वर्षी, १९४६ मध्ये, बेकर स्ट्रीटवर आग लागून पुष्कळ कागद जळाले. जे उरले तेही शंभर टक्के खरे नव्हेत. युद्धानंतर व्हेरा ॲटकिन्स बेपत्ता हस्तकांचा माग काढत जर्मनीत फिरल्या. नूर नात्सवायलर छावणीत मारली गेली, असा निष्कर्ष आधी निघाला होता. तिथे मारली गेलेली स्त्री दुसरीच होती, सोनिया ओल्शानेत्स्की. नूरला १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊत गोळी घातली गेली. पहिल्या निष्कर्षावर जी पुस्तकं उभी राहिली, ती चुकीची ठरली.

अव्हेन्यू फॉशमधून नूर, जॉन स्टार आणि लेऑं फे यांनी छपराच्या झरोक्यांचे गज सैल करून पळण्याचा प्रयत्न केला, त्याची हकिकत वेगवेगळ्या साक्षींतून येते. छपरावर पोचल्यावर नेमका विमानहल्ल्याचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की कोठड्या मोजायचा तिथला नियम, आणि मोजणीत तिघं कमी भरले. भोंगा वाजवणारी विमानं होती ती ब्रिटिशांची. या प्रसंगात लेखकाने स्वतःचं काही घालण्याची गरज नाही. साक्षी एकमेकींशी कुठे जुळत नाहीत तेवढं पाहावं आणि ज्यावर त्यांचं एकमत आहे त्याला धरून राहावं.

मुंबईत कथा बेतायची तर

नूरच्या कामाशी सर्वांत जवळचं काम मुंबईत १९४२ मध्ये चाललं होतं. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काँग्रेस रेडिओ केंद्र पोलिसांना हुलकावणी देत जागा बदलत राहिलं आणि नोव्हेंबरात पकडलं गेलं. ही हेरगिरी नव्हे, पण शोधगाडी, घरमालकाचा संशय, तंत्रज्ञाची फितुरी सगळं तेच आहे.

मुंबईच्या कथेत घड्याळ हा मोठा सापळा. शहरात ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ असे दोन हिशेब होते, ३९ मिनिटांच्या फरकाचे. त्यात १९४२ ते १९४५ स्टँडर्ड टाइमच एक तास पुढे केलेला. दोन माणसांची गुप्त भेट ठरवताना कुठलं घड्याळ ते आधी ठरवा, किंवा मुद्दाम ठरवू नका आणि त्यातून गोंधळ होऊ द्या. नायकाच्या खिशात भोकाचा पैसा घालणार असाल, तर साल १९४३ किंवा पुढचं हवं. त्याआधी तो निघालेलाच नव्हता. रेशनिंगही शहरात १९४३ मध्येच आलं.

१४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उडालं. जहाजात स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र. एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. स्फोटाचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला, पण सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांना आठवडेच्या आठवडे काही छापता येईना. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. तेव्हा १६ एप्रिलला पुण्यात सकाळचं वर्तमानपत्र उघडून स्फोटाची सविस्तर बातमी वाचणारं पात्र लिहू नका. त्याला ती मुंबईहून आलेल्या गाडीतल्या एखाद्या प्रवाशाकडून कळेल, दसपट फुगून. घातपात असल्याची कुजबुजही त्याच गाडीने येईल.

आणि गोव्यात

युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ‘एरेनफेल्स’, ‘द्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला आली. पोर्तुगाल तटस्थ, तेव्हा ब्रिटिशांना उघडपणे काही करता येईना. मार्च १९४३ मध्ये एसओईच्या लुईस प्यू यांनी ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतली, वय उलटलेली मंडळी ‘फीबी’ नावाच्या बार्जमधून मुरगावात नेली आणि ‘एरेनफेल्स’वर चढवली. खलाशांनी चारही जहाजं स्वतःच बुडवली. जेम्स लीसर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने ही हकिकत गाजली, १९८० मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. ब्रिटिश बाजूने सांगितलेली ही गोष्ट. बंदरावरचा कोकणी हमाल, वास्कोतला मराठी दुकानदार, पोर्तुगीज कस्टमचा कारकून यांच्या बाजूने ती लिहायला पुष्कळ जागा आहे.

तपशील मात्र जपावे लागतील. चलन रुपिया आणि तांगा, सोळा तांग्यांचा एक रुपिया. एस्कुदो युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी आला. मांडवीवर पूल नाही, पणजीहून पलीकडे जायचं ते फेरीबोटीने. ब्रिटिश हद्दीतून आगगाडीने येणाऱ्याला कॅसलरॉक ओलांडून कुळ्याला पोर्तुगीज कस्टमला तोंड द्यावं लागे.

आणि पुन्हा पंचांग. छापा पडला ९ मार्चच्या रात्री. अमावास्या तीन दिवसांपूर्वी झालेली, चंद्राची कोर संध्याकाळीच मावळलेली, बार्जला हवा तसा अंधार. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला, शक्य तितकी उशिराची तारीख, म्हणून कार्निव्हालचा शेवटचा मंगळवार नेमका ९ मार्चला आला. जहाजावरचे काही अधिकारी त्या रात्री किनाऱ्यावर मेजवानीत होते असं लीसर सांगतात. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. तुमच्या हमालाने पहाटे बंदराकडे पाहिलं, तर जळणारी जहाजं त्याला दिसतील, पण ती कुणी आणि का पेटवली हे कळायला त्याला लीसरचं पुस्तक निघेपर्यंत थांबावं लागेल.